सिंक्लेअरचं पान घ्यावं की एकॉर्नचं?

समजा, तुमच्याकडे एक-दोन जुन्या ब्रिटिश मासिकांपुरतेच पैसे आहेत आणि १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकाची एक अस्सल छापील जाहिरात हवी आहे. भिंतीवर लावायला म्हणा, नाहीतर निवांत वाचायला. तेव्हा ब्रिटनमध्ये सिंक्लेअर आणि एकॉर्न या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या होत्या: स्पेक्ट्रम सिंक्लेअरचा, बीबीसी मायक्रो एकॉर्नचा. बहुतेक जण आधी पक्ष निवडतात, ‘मी स्पेक्ट्रमवाला’, ‘मी बीबीसीवाला’, आणि मग पान शोधायला लागतात. माझ्या मते इथेच गल्लत होते. यंत्र म्हणून बीबीसी मायक्रो स्पेक्ट्रमपेक्षा उजवा होता, कीबोर्डापासून मागच्या जोडण्यांपर्यंत. पण पान म्हणून बघाल तर सिंक्लेअर त्याला सहज खिशात घालतो.

त्याचं कारण धंद्यात आहे. सिंक्लेअरची जाहिरात हेच सिंक्लेअरचं दुकान होतं. १९८० साली झेडएक्स ८० हा तिचा संगणक आला तो तयार घेतला तर ९९.९५ पौंडांना आणि सुटे भाग घेऊन स्वतः जोडलात तर ७९.९५ पौंडांना. काउंटरवर जाऊन हात लावून बघायची सोय नव्हती. मासिक उघडायचं, पान वाचायचं, कूपन भरायचं, चेक जोडायचा. म्हणजे काउंटरमागच्या माणसाचं सगळं काम त्या पानानेच करायचं: वस्तू दाखवायची, समजावून सांगायची, शंका फेडायच्या आणि शेवटी पैसेही घ्यायचे. म्हणून तिथे मजकूर खच्चून भरलेला असतो. एक के (किलोबाइट) मेमरीच्या त्या डबीवर बुद्धिबळ खेळण्यापासून वीजकेंद्र चालवण्यापर्यंत काहीही करता येईल, असं जाहिरात बेधडक सांगते. वीजकेंद्राचं सोडून द्या. बुद्धिबळ मात्र पुढे खरंच झालं: एक के मेमरीच्याच पुढच्या झेडएक्स ८१ साठी ६७२ बाइटांत बसवलेला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम आहे!

झेडएक्स ८१ ची जाहिरात तर चिपांची संख्या हाच विक्रीचा मुद्दा करते. आधीच्या यंत्रातल्या अठरा चिपांचं काम आता एकच चिप करते, सगळ्या मिळून फक्त चार. घरी सोल्डरिंग करणाऱ्या गिऱ्हाइकाला याचा अर्थ लगेच कळायचा. मागे लावायचा १६ केचा मेमरी पॅकही त्याच पानावर विकायला असायचा. तो जरा हलला की यंत्र बंद पडतं, हे कळायला मात्र यंत्र घरी यावं लागायचं.

आता १९८२ चं स्पेक्ट्रमचं पान. माझा कौल याच पानाला. १६ के १२५ पौंड, ४८ के १७५ पौंड. कोपऱ्यात ती इंद्रधनुषी पट्टी असलेलं काळं यंत्र, त्याच्या अवतीभवती बारीक टाइपात रंग, आवाज, ग्राफिक्स यांची माहिती. लोक ज्या रबराच्या कळांना पुढे नावं ठेवत राहिले, त्यांना पान म्हणतं ‘हलणाऱ्या कळांचा पूर्ण आकाराचा कीबोर्ड’. आणि यात खोटं काही नाही, कारण झेडएक्स ८१ वर नुसता सपाट प्लास्टिकचा पडदाच होता. मग मायक्रोड्राइव्हचं, म्हणजे प्रोग्रॅम साठवायच्या जोडयंत्राचं आमिष: साधारण ५० पौंडांत, एका कार्ट्रिजवर १०० केपर्यंत, याच वर्षी येतोय. तो आला १९८३ मध्ये आणि एका कार्ट्रिजवर मावायचं साधारण ८५ के.

खाली कूपन. पत्ता फ्रीपोस्ट, कॅम्बर्ली, म्हणजे तिकीटसुद्धा लावायला नको. पोस्टेज-पॅकिंगची वेगळी ओळ. नाही आवडलं तर चौदा दिवसांत पैसे परत. माल २८ दिवसांत. या २८ दिवसांवर अनेकांनी दात-ओठ खाल्ले. कंपनीने त्यातून धडा घेतला म्हणावं, तर जानेवारी १९८४ मध्ये ३९९ पौंडांच्या क्यूएल या नव्या संगणकासाठी पुन्हा तेच २८ दिवस छापले. पहिली यंत्रं पोचायला वसंत उजाडला आणि त्यातल्या काहींच्या मागे रॉमचा (यंत्राचा मूळ प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपचा) जादा तुकडा बाहेर लोंबत होता.

एकॉर्नचं पान याच्या शेजारी ठेवलंत की ते सरकारी प्रॉस्पेक्टससारखं वाटतं. त्याला ओरडायची गरजच नव्हती. जानेवारी १९८२ पासून बीबीसीची संगणकावरची मालिका टीव्हीवर होती आणि तीच खरी जाहिरात. त्यामुळे पान त्या तीन अक्षरांवर टेकून बसतं. आखणी, उत्पादन आणि वितरण एकॉर्नचं, ही ओळ असते, पण नाव बीबीसीचं. किंमत सुरुवातीला मॉडेल ए २३५ आणि मॉडेल बी ३३५ पौंड, थोड्याच काळात २९९ आणि ३९९. क्रेडिट कार्ड असेल तर फोन करा, नाहीतर जवळच्या विक्रेत्याचा पत्ता विचारा. काही पानांवर ऑर्डर फॉर्मही आहे, पण सगळा भर दुसरा प्रोसेसर, डिस्क, टेलिटेक्स्ट, शाळेतलं नेटवर्क अशा पुढे जोडता येणाऱ्या गोष्टींवर. वाचणारा मुलगा नाही, मुलाचा बाप किंवा मास्तर. माल वेळेवर पोचवण्यात मात्र एकॉर्नही १९८२ मध्ये काही कमी रखडली नाही.

मग एकॉर्नचं पान कोणी घ्यावं? शाळेत ज्याने बीबीसी पाहिला त्याने. १९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास या शाळांना संगणक देणाऱ्या सरकारी प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांतही हे यंत्र आलं. वरच्या ओळीतल्या त्या लाल कळा ज्याला आठवतात, त्याला सिंक्लेअरची चमचमती बडबड देऊन काय उपयोग? तसा स्पेक्ट्रम प्लसही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात विकला, पण त्याआधीचं रबरी कळांचं यंत्र आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रातच पाहिलं.

खरेदी करताना एक गोष्ट आवर्जून बघा: कूपन जागेवर आहे का. मी मागवलेल्या पहिल्याच अंकात दोन पानी जाहिरातीचा खालचा कोपरा कात्रीने नीट चौकोनी कापलेला निघाला आणि त्या खिडकीतून पुढच्या पानावरचा प्रिंटर दिसत होता. विकणाऱ्याने फोटोत नेमकं तेवढंच पान दाखवलं नव्हतं. तेव्हा चडफडलो. आता तो अंक द्यायला कोणी दुप्पट पैसे देऊ केले तरी देणार नाही, कारण ते पान ज्या कामासाठी छापलं ते काम त्याने केलेलं आहे. भिंतीसाठी मात्र अखंडच घ्या.

सुटी कापलेली पानं घेऊ नका. दोन पानी जाहिरात मधोमध पिनांवर आली असेल तर ठीक, पण पर्सनल कॉम्प्युटर वर्ल्डसारख्या जाडजूड, गोंदाने बांधलेल्या अंकात ती कण्यात दडते आणि कापली की मधली अर्धी ओळ जाते. त्याऐवजी १९८२-८३ चा पर्सनल कॉम्प्युटर वर्ल्ड किंवा युअर कॉम्प्युटरचा अखंड अंक घ्या. या मासिकांत दोन्ही कंपन्यांच्या जाहिराती येत. एकॉर्न युझर घेऊ नका, तो आधीच यंत्र घेतलेल्यांसाठी होता आणि तिथे पटवायला कोणी उरलेलंच नव्हतं.

आणि डिसेंबर १९८४ मधल्या ज्या जाहिरातीवरून सिंक्लेअर कंपनीचे संस्थापक क्लाइव्ह सिंक्लेअर केंब्रिजच्या बॅरन ऑफ बीफ पबात एकॉर्नचे सहसंस्थापक ख्रिस करी यांच्यावर धावून गेले, ती मासिकांत शोधत बसू नका. सिंक्लेअरची यंत्रं बिघडतात असं सुचवणारी ती जाहिरात वर्तमानपत्रातली होती.