पब्लिक पॉलिसीचा पेपर घ्यावा का? माझा अनुभव

एमएच्या दुसऱ्या सेमिस्टरला पब्लिक पॉलिसी, म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास, हा पेपर ऑप्शनल घेतला होता, आता संपलाय म्हणून लिहितेय, कारण घेण्याआधी मला कोणी नीट सांगितलंच नव्हतं.

सगळ्यात भारी भाग म्हणजे खाणींवरचे तास. मी गोव्यातल्या डिचोलीची, आमच्या घरी खाणीवर चालणारा ट्रक होता, 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा बाबा दिवसभर अंगणात बसून असायचे ते अजून आठवतं. 2018 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या 88 लीजांचं (खाणी चालवायच्या भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं, तो निकाल वर्गात वाचला तेव्हा पहिल्यांदा कळलं की लीज रिन्यू करताना सरकारचं नेमकं काय चुकलं, आणि लिलाव म्हणजे काय, आणि त्यात ट्रकवाल्यांचा विचार कुठे बसतो की बसतच नाही. त्या दिवशी घरी जाऊन बाबांशी दोन तास बोलले, खरंच.

असाइनमेंट म्हणून आपल्या गावच्या ग्रामसभेला बसायचं आणि दोन पानी पॉलिसी मेमो, म्हणजे प्रश्न आणि त्यावर काय करावं हे सांगणारं टिपण, लिहायचा. मी कचऱ्यावर लिहिला. दोन पानांत बसवणं वीस पानं लिहिण्यापेक्षा कठीण हो!

आकडेवारीचा भाग मात्र घाईत उरकला, रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांतून काढायची पद्धत) तीन लेक्चरात, आर्ट्सवाली मुलं पार गोंधळली. आणि वाचायला सगळं इंग्रजीत, मराठीत एक पान नाही, याचं वाईट वाटतं.

तरी घ्याच. फक्त त्या सेमिस्टरला दुसरा जड पेपर घेऊ नका.