अश्वगंधेच्या मुळांत विथॅनोलाइड वाढवायचंय: गॅमा, ईएमएस की एलिसिटर?

इंदूरला राहून अश्वगंधेवर काम करायचं तर बियाण्याची अडचण नाही, अश्वगंधा पिकवणारा नीमच-मंदसौरचा पट्टा फार लांब नाही. पण शेतातलं मूळ काढणीला यायला पाच-सहा महिने लागतात आणि त्यातली विथॅनोलाइड नावाची औषधी द्रव्यं माती-पाण्याप्रमाणे बदलत राहतात. म्हणून फ्लास्कमध्ये मुळं वाढवायची आणि त्यांतच विथॅनोलाइड वाढवायचे, हा विषय बायोटेकची आपली मुलं हौसेने घेतात. मार्ग कोणता घ्यावा, यावर माझं मत आधीच सांगते. वर्षभरात प्रबंध द्यायचा असेल तर एलिसिटर. तीन-चार वर्षं हातात असतील आणि एचपीएलसी (द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र) हक्काने मिळणार असेल, तरच उत्परिवर्तन, म्हणजे गॅमा किरणांनी किंवा ईएमएस या रसायनाने डीएनएतच बदल घडवणं.

एलिसिटर म्हणजे मुळाला बचावासाठी चेतवणारं द्रव्य. त्याचं काम सोपं आहे. मिथाइल जास्मोनेट, सॅलिसिलिक आम्ल किंवा कायटोसान मुळांच्या पोषक माध्यमात घातलं की मूळ हल्ला झाल्यासारखं वागतं आणि बचावाची द्रव्यं बनवू लागतं. काही दिवसांत फरक दिसतो. मात्र वाढ मंदावते, म्हणून आधी मुळं भरपूर वाढू द्यायची आणि शेवटच्या टप्प्यात डोस द्यायचा. दर खेपेला हा खर्च नव्याने येतो, कारण पुढच्या सबकल्चरमध्ये, म्हणजे मुळाचा तुकडा ताज्या माध्यमात पुन्हा वाढवताना, यातलं काहीच उतरत नाही.

उत्परिवर्तनाचं आकर्षण नेमकं इथे आहे: एकदा चांगली लाइन, म्हणजे एकाच मुळापासून वाढवत नेलेला वंश, हाती लागली की तो गुण तिच्यातच राहतो. प्रश्न आहे तो लाइन हाती लागण्याचा.

ईएमएस हे रसायन डीएनएतल्या ग्वानिनला इथाइल गट चिकटवतं आणि नक्कल होताना जी-सी जोडीच्या जागी ए-टी येते. बदल बहुतेक एका अक्षरापुरता. गॅमा किरण डीएनएचे दोन्ही धागे तोडतात, जोडताना तुकडे गळतात किंवा उलटे बसतात. बियांवर काम करणाऱ्याला दोन्ही चालतात, कारण पुढच्या पिढीत स्वपरागीकरणाने लपलेले बदल वर येतात. मुळांच्या कल्चरमध्ये बी नाही, पुढची पिढी नाही. जीनची एक प्रत बिघडली तरी दुसरी काम करत राहते आणि बदल दिसतच नाही. त्यामुळे मोठे तुकडे हलवणाऱ्या गॅमाकडे माझा कल आहे. शिवाय गॅमा ऊतीत सारखा पोचतो, ईएमएस बाहेरच्या पेशींना जास्त आणि आतल्यांना कमी. ईएमएस कर्करोगकारक आहे. फ्यूम हूड, हातमोजे आणि उरलेलं द्रावण सोडियम थायोसल्फेटने निष्प्रभ करण्याची शिस्त नसेल तिथे ते आणूच नये.

आता गॅमाचं खरं दुखणं. किरण पडतात तेव्हा मुळाच्या टोकाशी अनेक पेशी असतात आणि प्रत्येकीत वेगळा बदल होतो. तयार होतं ते मिश्र मूळ. त्याचा सरसकट अर्क काढून मोजलंत तर चांगली पेशी वाइटांच्या गर्दीत हरवते. किरणांनंतर फुटलेली उपमुळं एकेक करून कापा, प्रत्येक उपमुळाला वेगळा क्रमांक द्या आणि वेगळ्या फ्लास्कमध्ये वाढवा. उपमूळ परिरंभातल्या (मुळाच्या आतल्या एका थरातल्या) मोजक्या पेशींपासून फुटतं, म्हणून ते बरंच एकजिनसी असतं. तरी पाच-सहा सबकल्चर होईपर्यंत 'लाइन स्थिर आहे' असं लिहू नका. किरण न दिलेली मुळंही तितक्याच वेळा सबकल्चर करा, कारण कल्चरमध्ये नुसतं राहूनही मुळं बदलतात.

डोस कुठून सुरू करायचा? कोरड्या बियांना शेकडो ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) लागतात, ओल्या, विभागणाऱ्या मुळांना दहा-वीसही पुष्कळ होतात. खालपासून मालिका लावा आणि वाढ निम्मी होते तो डोस शोधा. जुन्या प्रबंधातली 'इतकी मिनिटं' उचलू नका. गॅमा किरण देणारा कोबाल्ट-६० दर ५.२७ वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे त्याच यंत्राला आज जास्त वेळ लागतो.

चोइथराम मंडीतल्या राजा रामण्णा केंद्राच्या इलेक्ट्रॉन बीमबद्दल मुलं हमखास विचारतात. घराजवळ आहे खरं, पण अशी सुविधा किलोग्रेच्या कामासाठी असते. तुमचा डोस त्याच्या शतांशाहून कमी, तेव्हा तो अचूक देता येईल का, हे आधी विचारा. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गॅमासाठी फ्लास्क न्यायचे असतील तर अवंतिका एक्सप्रेसने जाताना किरण न द्यायचा एक संचही बरोबर न्या. रात्रभराचा प्रवास, हादरे आणि तापमान मुळांना जाणवतं, आणि घरी ठेवलेला कंट्रोल (तुलनेसाठीचा संच) ते सांगू शकत नाही.

तिसरा मार्ग अ‍ॅग्रोबॅक्टेरियम रायझोजीन्स या जिवाणूच्या संसर्गाने फुटणाऱ्या केसाळ मुळांचा. संप्रेरकाशिवाय भराभर वाढतात, पण बाहेरचा डीएनए आत शिरतो. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला विचारूनच हात घाला.

मोजताना एक गोष्ट तपासा. अश्वगंधेत विथाफेरिन-ए मुख्यतः पानांत आणि विथॅनोलाइड-ए मुख्यतः मुळांत असतं, तेव्हा कशावर लक्ष आहे ते आधी ठरवा. ग्रॅममागे प्रमाण दुप्पट झालं, पण मुळांचं वजन निम्म्यावर आलं तर लिटरमागे पदरात काहीच जास्त पडत नाही. म्हणून दोन्ही आकडे द्या. आणि निवडलेली लाइन स्थिर झाली की तिलाच मिथाइल जास्मोनेट देऊन पाहा, मूळ लाइनशेजारी ठेवून, त्याच दिवशी, त्याच माध्यमात.