हुतात्म्याच्या स्मरणार्थ शाळेत खिडकी: रंगीत, कोरीव की छापील काच?

शाळेचा एखादा माजी विद्यार्थी युद्धात कामी आला आणि त्याच्या स्मरणार्थ काचेची खिडकी बसवायचं ठरलं, की समितीपुढे साधारण तीन पर्याय येतात: शिशाच्या पट्ट्यांत जडवलेली रंगीत काच, पारदर्शक काचेवरचं कोरीवकाम आणि छापील काच. नुसते दरपत्रकांचे कागद पाहिले तर छापील काच बाजी मारते. माझं म्हणणं असं, की पैसे कमी पडत असतील तर खिडकी लहान करा, पण काम अस्सल करून घ्या.

अस्सल काचचित्रात निळा-तांबडा रंग वरून दिलेला नसतो. काच वितळवतानाच त्यात धातूंची संयुगं मिसळतात, उदाहरणार्थ निळ्यासाठी कोबाल्ट. म्हणून हे रंग उन्हाने विटत नाहीत. चेहरा, बोटं, गणवेशाच्या चुण्या आणि नावाची अक्षरं मात्र हाताने रंगवावी लागतात. त्यासाठी लोखंडाचं किंवा तांब्याचं ऑक्साइड आणि काचेची पूड मिसळून काळपट रंग करतात आणि भट्टीत साधारण ६०० ते ६८० अंश सेल्सिअसला भाजून तो काचेत मुरवतात. मग तुकडे शिशाच्या पट्ट्यांच्या खाचांत बसवायचे, सांध्यांना डाख द्यायचा आणि फटींत जवसाचं तेल व खडूची लांबी (पुट्टी) भरायची.

खरी मेख भाजण्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये रंग कमी उष्णतेवर वितळावा म्हणून काही कारखाने त्यात टाकणखार (बोरॅक्स) घालत. काचेवर ओल धरली तसा तो रंग सुटत गेला. आज त्या काळच्या अनेक खिडक्यांत झगे आणि किनारी शाबूत दिसतात, चेहरे मात्र पुसट झालेले. ज्याच्यासाठी खिडकी उभी केली त्याचाच चेहरा जावा, याहून वाईट काय? म्हणून कारागिराचं नवं काम बघू नका, वीस-तीस वर्षांपूर्वीचं बघा. शिसंही कायमचं टिकत नाही. साधारण शंभर वर्षांनी, कधी त्याआधीही, पट्ट्या थकतात, चौकट फुगते आणि सगळं उकलून नव्या शिशात बसवावं लागतं. पण ते करता येतं, हीच या पद्धतीची ताकद आहे.

कोरीव काचेचं मोठं उदाहरण इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराचं. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात तिथलं कॅथेड्रल उद्ध्वस्त झालं. शेजारी बांधलेल्या नव्या कॅथेड्रलच्या (१९६२) भल्यामोठ्या काचभिंतीवर कलाकार जॉन हटन यांनी संत आणि देवदूत कोरले. काचेतून पलीकडे जुने भग्नावशेष दिसतात, आणि तेच तिथं अर्थपूर्ण आहे. शाळेत काचेपलीकडे मैदान, सायकली आणि झाडं असतात. कोरलेली रेघ पांढुरकी. मागे उजळ आकाश आलं की नाव वाचताच येत नाही. दालनातला उजेड कमी होऊ द्यायचा नसेल किंवा दाराची काच असेल, तर मात्र हा पर्याय चांगला.

छापील काचेत दोन जाती आहेत. वरून चिकटवलेली फिल्म उन्हाने फिकी पडते आणि कडांना सुटते. स्मारकाला ती नकोच. सिरॅमिक शाईने छापून भाजलेली काच टिकाऊ असते, आणि कडक केलेली असल्यामुळे चेंडूचा मारही बऱ्यापैकी सोसते. घरच्यांना फोटोतला हुबेहूब चेहराच हवा असेल, तर तो यातच मिळेल आणि त्यांचा शब्द अखेरचा मानावा. पण ही काच सपाट असते. तोंडाने फुंकून केलेल्या काचेत बुडबुडे आणि जाडीतले फरक असतात. त्यामुळे समोरून चालत गेलं की रंग हलतो, ते यात होत नाही.

यापेक्षाही महत्त्वाची जागा. सभागृहात प्रोजेक्टर लावताना पडदे ओढतात, म्हणजे नेमक्या सगळे जमतात त्या वेळी खिडकी झाकलेली. रोज येता-जाता दिसणारी जिन्याच्या वळणावरची पूर्वेकडची खिडकी मला बरी वाटते. बाहेरून संरक्षक काच लावलीत तर मधल्या पोकळीत हवा खेळू द्या. बंद पोकळीत दव साचून रंगाला आणि शिशाला त्रास होतो.

चित्राबद्दल एकच सांगतो. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या कित्येक स्मारक-खिडक्यांत चिलखतातला सर गॅलाहॅड (आर्थर राजाच्या दंतकथांतला सरदार) किंवा योद्धा-संत सेंट जॉर्ज आला. देखणा, पण कुणाचाही असू शकेल असा. याउलट आयरिश काचचित्रकार विल्हेल्मिना गेडिस यांची कॅनडात ऑटावातली १९१९ ची खिडकी पाहा. कॅनडाचे गव्हर्नर-जनरल राहिलेले ड्यूक ऑफ कॉनॉट यांच्या, महायुद्धात मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांसाठी ती केलेली. पडलेल्या योद्ध्याचं स्वागत सैनिक-संत आणि देवदूत करतात, पण त्यांचे चेहरे कठोर आहेत; मृत्यू गोड केलेला नाही. मुलांना तेवढं खरं दाखवायला घाबरू नये. आणि नाव डोळ्यांच्या उंचीवर, पहिलीतल्या मुलालाही लावून वाचता येईल एवढं ठळक हवं.

पर्याय कोणताही निवडा, करारात दोन गोष्टी लिहून घ्या: पूर्ण आकाराचं मूळ रेखाटन शाळेच्या ताब्यात राहील, आणि वापरलेल्या प्रत्येक रंगाच्या काचेचा एक जादा तुकडा मिळेल. छापील काच घेतलीत, तर छपाईची मूळ फाइल मागून घ्या.