पुण्यात सातभाई पक्षी कॅमेऱ्यात टिपायचे कुठे: वेताळ टेकडी की एम्प्रेस गार्डन?

टेकडीवर सकाळचं तिरपं ऊन झकास. पण सातभाई गिरिपुष्पाच्या झाडांच्या दाटीत शिरले की संपलं! मातकट पक्षी, मातकट पाचोळा, फोकस लागतच नाही. शिवाय फिरायला येणाऱ्यांची वर्दळ. एका सातभाईने कलकलाट केला की अख्खी टोळी पसार.

एम्प्रेसमध्ये तिकीट काढावं लागतं, जुन्या झाडांखाली उजेडही कमी. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० च्या वर न्यायचा. तरी माझं मत तिकडेच, कारण तिथले पक्षी माणसांना सरावलेत. बाकापासून १० फुटांवर दोघं चोचीने एकमेकांची मान विंचरत होते, तिसरा वरच्या फांदीवर पहाऱ्याला. त्याचा फिकट पिवळा, कायम रागावलेला डोळा फ्रेममध्ये लख्ख आला. फक्त रविवार टाळा.