साडेसहा इंची बुकशेल्फ स्पीकर, १२ बाय १० ची स्लॅबची खोली: आठ महिन्यांच्या वापरानंतर

स्पीकर चांगले आहेत, पण या खोलीला मोठे आहेत. पाच इंचीवर भागलं असतं.

जोडी टू-वे (खालच्या सुरांना म्हणजे बासला वूफर, वरच्यांना ट्वीटर), वूफर साडेसहा इंची, पोर्ट म्हणजे हवेचं भोक मागे. खोली जळगाव-भुसावळकडच्या नव्या बांधकामांत असते तशीच: १२ फूट लांब, १० रुंद, १० फुटांवर स्लॅब, विटांच्या भिंती, गुळगुळीत फरशी, कडेला लोखंडी कपाट. परदेशी रिव्ह्यू वाचून स्पीकर निवडणाऱ्यांची फसगत इथेच होते. तिकडची बरीच घरं लाकडी सांगाड्याची, जिप्सम बोर्डाची. ती भिंत बासबरोबर हलते, थोडा खाते, थोडा बाहेर सोडते. आपली वीट आणि स्लॅब जवळपास सगळा बास परत खोलीत फेकतात. म्हणून तिकडे ‘बास जरा कमी’ ठरलेला स्पीकर इथे बेताचा बसतो आणि ‘भरदार’ ठरलेला घुमतो.

कोणत्या सुरावर घुमतं, ते नुसत्या टेपने काढता येतं: ३४३ ला (आवाजाचा वेग, सेकंदाला मीटर) मीटरमधल्या लांबीच्या दुपटीने भागा. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, उत्तर ४७ हर्ट्झ. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर ५६. रुंदी आणि उंची सारखीच असल्याने ५६ वर दोन घुमी एकमेकींवर चढतात. बेस गिटारची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची, त्यामुळे तो सूर आला की बाकीचं गाणं मागे पडतं. दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर ठेवून मधोमध बसलं की रुंदीची घुम बरीच मरते, उंचीची राहते. खुर्ची बाजूला सरकवली की दोन्ही हजर. १० बाय १० ची, वर १० फूट उंचीची खोली असेल तर साडेसहा इंचीच्या वाटेला जाऊ नये.

बरीच मोडतोड करून स्थिरावलेली मांडणी अशी. स्पीकर १० फुटी भिंतीकडे, पुढची बाजू भिंतीपासून २ फूट. दोन स्पीकरमध्ये साडेपाच फूट, बाजूच्या भिंतींपर्यंत सव्वादोन. बसायची जागा मागच्या भिंतीपासून साडेचार फूट. भिंतीला पाठ टेकून बसलं की बास दणदणतो आणि लांबीच्या बरोबर मध्यावर ४७ हर्ट्झ जवळपास गायब होतो. या दोन जागा टाळल्या की निम्मं काम झालं. स्पीकर भिंतीपासून २ फुटांवर असला की मागून परतलेला आवाज १४० हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो, म्हणजे तेवढे सूर दबतात. तो पूर्ण जात नाही, मागे जाड गादी उभी केली तर थोडा भरतो. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा: खुर्चीसाठी २४ इंची स्टँड, खाली गादीवर बैठक असेल तर १८ इंची पुरतो.

आता प्रतिध्वनी. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की झणझण ऐकू येते, आवाज विरायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो. अर्ध्या सेकंदाच्या आत आणलं की गायकाचा आवाज जागेवर येतो. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिनने व्याख्यानाच्या दालनाचा घुमारा मोजताना आवाज शोषायला शेजारच्या नाट्यगृहातल्या उशा आणून आणून मांडल्या होत्या. आपण तर कापसाच्याच मुलखात राहतो. २ बाय ४ फुटांची लाकडी चौकट, जाडी ४ इंच, आत अडीच-तीन किलो पिंजलेली रुई, वरून मांजरपाट. भिंतीपासून २ इंच पुढे टांगायची. अशा चार केल्या: दोन बाजूच्या भिंतींवर, दोन पाठीमागे. बाजूची जागा आरशाने सापडते: कुणीतरी भिंतीवर आरसा सरकवायचा आणि बसल्या जागेवरून ट्वीटर दिसला की तिथे खूण.

चूक पहिल्या दोन चौकटींत झाली. टाके नव्हते, त्यामुळे महिन्याभरात रुई खाली बसली आणि वरचा फूटभर नुसतं कापड उरलं. गादीला घालतात तसे दर सहा इंचांवर टाके हवेतच. स्विचबोर्डजवळ चौकट नको, रुई पेटते. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांच्या नादी लागू नका.

चार इंची रुई ५६ हर्ट्झला काहीही करत नाही, त्या लहरीचा पाव भागच दीड मीटरचा असतो. तिथे इक्वलायझर लागतो. कॉम्प्युटरवर खोलीचा आवाज मोजणारा रूम ईक्यू विझार्ड हा प्रोग्रॅम फुकट आहे, मोजमापाचा मायक्रोफोन मात्र मित्राचा मागून आणलेला बरा. ५६ वर ६ डेसिबल कपात, क्यू (कपात किती अरुंद, तो आकडा) ५ च्या आसपास. खड्डे मात्र इक्वलायझरने भरू नयेत. अँपची ताकद आणि वूफरची चाल वाया जाते, खड्डा तसाच राहतो. पोर्टमध्ये गुंडाळलेला मोजा हा त्याहून स्वस्त उपाय, आवाज थोडा कोरडा होतो.

खरखर ऐकून स्पीकरला दोष देण्याआधी ३० ते २०० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा एकच सूर, सावकाश सोडा. इथे कपाटाचं दार, खिडकीची काच आणि भांड्यांची मांडणी, तिघंही वेगवेगळ्या सुरांना थरथरत होती. दाराला फेल्ट, काचेला रबर, एवढ्याने भागलं.

जुनं धाब्याचं घर असेल तर यातलं बरंच काम वाचतं. सर-कड्यांचं, म्हणजे लाकडी तुळयांचं छत सपाट नसतं, मातीच्या भिंती ओबडधोबड असतात, टाळीला झणझण जवळजवळ नाहीच. तिथे ओसरीलगतच्या लांब खोलीत साडेसहा इंची शोभतील.

उन्हाळ्यात कूलर चालू असेपर्यंत हलके स्वर ऐकायची आशा सोडावी. त्याचा झोत स्पीकरवर येऊ देऊ नये, दमटपणाने स्पीकरच्या खोक्याचं एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) फुगतं, कोपरे आधी. तीच गोष्ट पावसाळ्यात रुईची: आश्विनातलं ऊन पडलं की चौकटी उतरवून गच्चीवर दिवसभर तापवायच्या.