कॅलगरीचा करडा, नेरूळची पश्चिम: अकरा महिन्यांनंतर

आमच्या घराला बाहेरून गडद करडा रंग लावला त्याला येत्या डिसेंबरात वर्ष होईल. लावला तेव्हा येणारे-जाणारे थांबून बघायचे. दोघा-तिघांनी शेडचा नंबरही मागून नेला. त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं ते आता सांगते: रंग देखणा आहे, पण पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. बाकी दोन भिंतींना मी तोच ठेवणार आहे.

घर नेरूळला, सिडकोच्या जुन्या रो-हाउसपैकी कोपऱ्यावरचं. ओळीतल्या मधल्या घरांना पुढची आणि मागची अशा दोनच भिंती रंगवायच्या असतात, आम्हाला तीन. दर्शनी भिंत पश्चिमेला, बाजूची दक्षिणेला, मागची पूर्वेला. पुढचं सगळं रामायण या तीन दिशांचं आहे.

हा रंग डोक्यात शिरला तो दादामुळे. दादा-वहिनी कॅनडात, कॅलगरीला असतात. जानेवारी 2024 मध्ये आम्ही त्यांच्याकडे होतो, पारा उणे 30 च्या खाली. दोन मिनिटं बाहेर उभं राहिलं की नाकातले केस ताठ व्हायचे. खाली बर्फ, वर पांढुरकं आभाळ, आणि मधोमध दादाचं गडद करडं, पांढऱ्या चौकटींचं घर. मी तिथेच मनात ठरवून टाकलं.

दादाने मात्र ते असं उभ्याउभ्या ठरवलं नव्हतं. तिकडच्या बहुतेक घरांना आपल्यासारखी वीट आणि गिलावा नसतो. लाकडी सांगाडा, त्याच्या पोटात इन्सुलेशन आणि बाहेरून एकीवर एक चढलेल्या आडव्या पट्ट्या. या पट्ट्या म्हणजे सायडिंग. स्वस्तातल्या असतात विनाइलच्या, म्हणजे पीव्हीसीच्या. त्या थंडीत आक्रसतात, उन्हात पसरतात, म्हणून खिळा लांबट भोकाच्या मधोमध आणि जरा सैलच ठोकायचा असतो. गच्च ठोकला की उन्हाळ्यात पट्टी फुगते आणि भिंतीवर लाटा येतात. गडद पट्टी जास्त तापते, त्यामुळे तिची ही कटकट जास्त. समोरच्या घराच्या खिडकीच्या खास काचेवरून परतलेल्या उन्हाने विनाइल वितळल्याचेही प्रकार तिकडे होतात. वहिनीने सांगितलं तेव्हा मला थाप वाटली होती. थंडीत ते ठिसूळ होतं ते वेगळंच. आणि जून 2020 मध्ये ईशान्य कॅलगरीत टेनिसच्या चेंडूएवढ्या गारा पडल्या तेव्हा तर ऐन उन्हाळ्यातही सायडिंगची चाळण झाली होती. दादाने म्हणून फायबर-सिमेंटच्या पट्ट्या घेतल्या.

रंगासाठी त्याने नमुन्याच्या फळ्या घराच्या चारी बाजूंना टांगल्या आणि आठवडाभर सकाळ-दुपार बघत बसला. दुकानात छान दिसलेले दोन करडे बाद झाले, कारण बर्फाशेजारी ते जांभळट दिसायला लागले. तिथल्या हिवाळ्यात सावलीतल्या भिंतीवर पडतो तो आभाळाचा निळा उजेड, आणि बर्फ त्यात भरच घालतो. शेवटी पोटात किंचित तपकिरी असलेला करडा पास झाला. मी विचारलं, "दादा, गडद रंगाने घर गरम राहत असेल ना रे?" तो हसायलाच लागला. "अगं, डिसेंबरात इथला सूर्य भर दुपारी क्षितिजापासून पंधरा-सोळा अंश वर येतो. त्यात पट्टीमागे फट, फटीमागे इन्सुलेशन. बाहेर कुठला रंग आहे ते घराला कळतच नाही."

हे मी नीट ऐकलं असतं तर रंगकामाचे पुढचे 78 हजार रुपये वाचले नसते, पण निम्मे तरी धड खर्च झाले असते. सायडिंग हा घराने अंगावर घेतलेला रेनकोट. आपला रंग म्हणजे कातडी. तापली की आतल्याला कळतं.

काम डिसेंबर 2024 मध्ये केलं. आमचे रंगारीकाका कर्जतकडचे, वीस वर्षं आमचीच गल्ली रंगवतायत. बांबूची परांची बांधली, प्रेशरने भिंती धुतल्या, भेगा भरल्या, प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन. गडद शेडला रोलरचे पट्टे दिसतात म्हणून दर्शनी भिंतीला तिसरा हात लागला. वीस लिटरच्या दोन बादल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे बिघडलं त्यात बादलीतल्या मालाचा दोष फारसा नव्हता. काका पश्चिमेसमोर उभे राहून म्हणाले होते, "ताई, हिकडं थोडा उजळ घ्या. ही भिंत तवा होईल." मी त्यांना दादाच्या घराचा फोटो दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि रोलर उचलला. सासूबाई मात्र काम संपल्यावर रस्त्यापलीकडे जाऊन बराच वेळ बघत होत्या. परत येऊन एवढंच म्हणाल्या, "घराला काजळ घातलंस होय गं?"

जानेवारी-फेब्रुवारी मजेत गेले. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो रंग असा काही खुलायचा की मी भाजी घेऊन येताना मुद्दाम समोरच्या फुटपाथवरून यायची.

मार्चच्या शेवटी पहिल्यांदा जाणवलं. पश्चिमेच्या भिंतीमागे वरच्या मजल्यावर आमची झोपायची खोली. तिथला पलंग भिंतीला टेकलेला. रात्री अकराला उशी भिंतीकडे सरकवली की भिंत कोमट. एप्रिलमध्ये कोमटचं गरम झालं. बाहेर वारा सुटलेला, खिडकी उघडी, आणि भिंतीतून तव्यावरून यावी तशी धग. विटेची जाड भिंत ऊन लगेच आत सोडत नाही, सहा-आठ तास पोटात ठेवते. दुपारी तीन-चारला गिळलेलं ऊन आम्हाला झोपायच्या वेळी परत मिळायचं.

मुलगा रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. तिकडे मोटरचं बेअरिंग तापलंय का बघायला इन्फ्रारेड गन वापरतात, ती त्याने एका शनिवारी घरी आणली. (कोविडमधली कपाळाला लावायची गन चालत नाही. तिला बेचाळीसच्या वर काही समजतच नाही.) एप्रिलातली दुपार, चार वाजलेले, हवा 36 अंश. करडी भिंत 59. त्याच भिंतीवर वर गच्चीच्या कठड्याचा जो पट्टा आम्ही क्रीम ठेवलाय, तो 45. भिंत एक, ऊन एक, वेळ एक, रंगाचा फरक चौदा अंशांचा. मुलगा आकडा वाचून माझ्याकडे बघत राहिला. मी चहा टाकायला गेले.

मग त्याने दक्षिणेच्या भिंतीवर गन धरली. रंग तोच, आणि आकडा 39! आधी वाटलं त्या बाजूच्या बदामाच्या झाडाच्या सावलीमुळे असेल, पण सावली फक्त खालच्या भागावर असते. मग डोक्यात प्रकाश पडला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो. मेच्या मध्यावर तर नेमका डोक्यावरून जातो आणि नंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारी चक्क उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन लागतं ते निसटतं, आणि वर छज्जा असेल तर तेही नाही. तिला ऊन मिळतं डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा ते हवंच असतं. पश्चिमेची भिंत मात्र दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंत त्याच्या समोर छाती काढून उभी. इतकी वर्षं या घरात राहते, पण हे गन हातात आल्यावर कळलं.

पूर्वेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मागे स्वयंपाकघर, समोरच्या ओळीची सावली नऊपर्यंत, त्यानंतर थोडं तापतं. स्वयंपाकघर एरवीही गरमच असतं, त्यामुळे रंगाला वेगळा दोष देता आला नाही.

यंदा, 2025 मध्ये, पाऊस 26 मेलाच आला, नेहमीपेक्षा पंधरवडाभर आधी. त्याआधीच्या एका संध्याकाळी तापलेल्या भिंतीवर वळवाची सर आली तेव्हा मी खिडकीत होते. भिंतीतून वाफ निघाली, खरंच निघाली, आणि ओल्या सिमेंटचा वास सुटला. पंधरा दिवसांनी कॉलम आणि विटकाम जिथे भेटतात तिथे केसाएवढी उभी भेग दिसली, वरून खालपर्यंत. भेग आधीची असेल, काकांनी भरलेली. पण रोज साठाच्या घरात जाऊन रात्री उतरणारी भिंत तो भराव किती दिवस धरून ठेवणार? तिथे गिलाव्यात भेग रोखणारी कोंबडजाळी बसवलेलीच नव्हती, ते बांधतानाचं पाप.

त्या भेगेतून आणि कठड्याच्या माथ्यावरून पाणी शिरलं. ऑगस्टच्या मध्यावर तीन-चार दिवस पाऊस कोसळला, त्यानंतर उघडीप मिळाली आणि भिंतीवर लोणा फुटला. विटेतले आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळतात, भिंत वाळताना बाहेर येतात आणि पाणी उडून गेलं की पांढरे मागे राहतात. क्रीम भिंतीवर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. गडद करड्यावर मात्र नकाशे उमटले. एक तर हुबेहूब अंदमानसारखा, बेटाबेटांचा. काका आले, नखाने खरवडून बघितलं आणि म्हणाले, "पानी वरून येतंय ताई. रंगाला कशाला शिव्या?" कठड्याच्या माथ्याला त्यांनी वॉटरप्रूफिंग करून दिलं, रस्त्याच्या उलट्या बाजूला उतार दिला. त्यानंतर नवीन नकाशा नाही. जुना कोरड्या ब्रशने घासला तर बराच गेला. पाण्याने धुऊ नका, क्षार परत आत जातात.

शेवाळाचं उलटं झालं. दक्षिणेच्या गल्लीत बदामाच्या झाडाखाली कमरेपर्यंत शेवाळ धरलं होतं, पण करड्यावर ते रस्त्यावरून दिसलंच नाही. सप्टेंबरात मीटर बघायला वाकले, भिंतीला हात टेकला आणि हात सटकला तेव्हा कळलं. शेजारच्यांच्या पिस्ता रंगावर हेच जुलैत काळं पडलेलं होतं. ब्लीचिंग पावडरचं पाणी मारून, घासून, साध्या पाण्याने धुतलं, गेलं. गडद रंग घाण लपवतो असं लोक म्हणतात ते एवढ्यापुरतं खरं. शेवाळ लपतं, खिडकीच्या ग्रिलचे गंजाचे ओघळ लपतात. लोणा, रस्त्याची धूळ आणि कबुतरांची कृपा मात्र चारपट दिसते.

रंग उडालाय का? थोडा. दाराशेजारची नावाची पाटी सैल झाली म्हणून दिवाळीच्या साफसफाईत काढली, तर तिच्यामागे एक चौकोन डिसेंबरातल्यासारखा टवटवीत. एरवी लक्षात आलं नसतं. करड्यातली काळी आणि गेरूच्या जातीची रंगद्रव्यं उन्हाला बरी टिकतात. आमच्याच गल्लीत एकांनी भडक जांभळा लावला होता, तो दोन पावसाळ्यांत धुतलेल्या परकरासारखा झालाय. कंपनीच्या वॉरंटीच्या कागदावर गडद शेडचा रंग उडणं धरलेलं नाही, हे मात्र मी बादल्या रिकाम्या झाल्यावर वाचलं.

आणखी एक जाच म्हणजे टच-अप. मे महिन्यात एसीचा पाइप बदलताना भोक पाडलं, बुजवलं आणि उरलेल्या बादलीतलाच रंग लावला. तरी ठिगळ दिसतंय ते दिसतंयच. पाहुणे आले की त्यांची नजर आधी तिथेच जाते, नाहीतर मला तसं वाटतं.

आता पश्चिमेची भिंत जानेवारीत पुन्हा करायची ठरलंय. सांध्यावरचा गिलावा काढून जाळी बसवणार, मग प्रायमर, मग दोन हात. काकांचा अंदाज 31 हजारांचा आहे, परांची धरून. शेडकार्डाच्या मागे काही कंपन्या एलआरव्ही म्हणून आकडा छापतात: काळ्याला शून्य, पांढऱ्याला शंभर, म्हणजे भिंत किती उजेड परतवते त्याचं माप. माझा करडा दहाच्या आसपास होता. आता साठच्या खालचं पानच उघडत नाही. पण चुन्यासारखा पांढराही नको, कारण समोर रस्त्याचं काम चालू आहे आणि पावसात प्लिंथवर चिखल उडतो. खालचे दोन फूट करडेच ठेवणार.

दादाची पद्धत मात्र उचलली आहे. ऑक्टोबरपासून भिंतीवर तीन बाय तीन फुटांचे तीन चौकोन रंगवून ठेवलेत: एक हलका राखाडी, एक वाळूचा, एक ताकासारखा. हलका राखाडी सकाळी छान वाटतो, पण संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात मळकट दिसतो. वाळूचा दिवसभर सारखाच राहतो आणि कडेने करड्या रंगाशी जमतोही. सासूबाईंना ताकाचा हवाय. कुरिअरवाला रोज विचारतो, काम कधी संपणार.