मार्च मॅडनेस: ब्रॅकेट, सर्व्हायव्हर की कॅलकटा?

मार्चच्या मध्यावर एका सोमवारी ऑफिसात ईमेल येतो: पूल (म्हणजे अंदाज बांधायची आपसातली चढाओढ) सुरू झालाय, गुरुवारी दुपारच्या आत ब्रॅकेट (सामन्यांचा तक्ता) भरा. अमेरिकेत नव्याने आलेल्याला त्यातलं काही कळत नाही आणि विचारायलाही संकोच वाटतो. इंडियानापोलिसमधल्या आमच्या मराठी मंडळींपैकी बरेच जण दरवर्षी मला फोन करतात, "यात पडू का? आणि पडलो तर कसं खेळू?" त्या सगळ्यांना द्यायचं उत्तर एकदा नीट लिहून काढतोय.

आधी थोडक्यात स्पर्धा. मार्च मॅडनेस म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा, ती १९३९ साली आठ संघांनिशी सुरू झाली. २०११ पासून पुरुषांच्या स्पर्धेत ६८ संघ घेतले जातात. रविवारी संध्याकाळी यादी जाहीर होते. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ मानांकनं. मंगळवार-बुधवारी ओहायोतल्या डेटन गावात चार पात्रता सामने होतात आणि गुरुवारी दुपारपासून ६४ संघांची बाद फेरी सुरू. हरला तो घरी. तीन सामन्यांची मालिका नाही, सात सामन्यांची नाही, चाळीस मिनिटांचा एकच सामना. सगळी गंमत आणि सगळी जीवघेणी धाकधूक यातच आहे.

अंदाज बांधत ही स्पर्धा बघण्याच्या तीन रीती आमच्याकडे चालतात.

पहिली, सगळ्यांना माहीत असलेली: पूर्ण ब्रॅकेट. पहिला सामना सुरू व्हायच्या आत सगळ्या ६३ सामन्यांचे विजेते लिहून द्यायचे, अगदी अंतिम सामन्यापर्यंत. तुम्ही तिसऱ्या फेरीत लिहिलेला संघ पहिल्याच दिवशी हरला, तर त्याच्या पुढच्या सगळ्या रांगा गेल्या. एकही चूक न करता ब्रॅकेट भरायच्या नादी लागू नका. नाणं उडवून भरायचं म्हटलं तर शक्यतांची संख्या एकोणीस आकडी होते. प्रत्येक सामन्यात तीनातले दोन अंदाज बरोबर येतील इतकी जाण धरली तरी शक्यता बारा हजार कोटींत एक. २०१९ मध्ये ओहायोतल्या एका माणसाचे पहिले ४९ सामने बरोबर आले होते, त्याचीही साखळी पर्ड्यूने टेनेसीला जादा वेळेत हरवल्यावर तुटली.

तेव्हा खेळायचं ते पूलमधल्या बाकीच्यांशी. त्यासाठी गुण कसे मिळतात ते आधी बघा. सर्रास चालणाऱ्या पद्धतीत पहिल्या फेरीच्या बरोबर अंदाजाला १० गुण, मग २०, ४०, ८०, १६०, आणि विजेत्याला ३२०. पहिल्या फेरीचे ३२ सामने सगळे बरोबर आले तरी ३२०, आणि विजेता एकटा बरोबर आला तरी ३२०. म्हणून पहिल्या फेरीत बारावं मानांकन पाचव्याला हरवेल का, यावर रात्र जागवणाऱ्यांना मी सांगतो की तो वेळ शेवटच्या चार संघांवर घालवा. पंधरा जणांच्या पूलमध्ये सरळ सर्वांत भक्कम संघ विजेता म्हणून लिहावा. दोनशे जणांच्या पूलमध्ये तोच संघ साठ जणांनी लिहिलेला असतो, तिथे तितकाच तगडा पण कमी लोकांनी उचललेला संघ शोधावा लागतो.

भक्कम कोण ते कसं ओळखायचं? मानांकनावर पूर्ण भिस्त ठेवू नका. बास्केटबॉलची आकडेवारी मांडणारे केन पोमेरॉय यांची क्रमवारी बघा. तिच्यात प्रत्येक संघ शंभर वेळा चेंडू हाती आल्यावर किती गुण करतो आणि किती देतो, ते समोरच्या संघाच्या ताकदीचा हिशेब धरून मांडलेलं असतं. २०२३ मध्ये यूकॉनला, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाला, चौथं मानांकन होतं, पण अशा आकडेवारीत तो संघ बराच वर होता. त्यांनी सहाच्या सहा सामने दहाहून जास्त गुणांनी जिंकले. त्याच वर्षी शेवटच्या आठांत पहिल्या मानांकनाचा एकही संघ उरला नव्हता, असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. आणि दोनच वर्षांनी, २०२५ मध्ये, चारही अव्वल मानांकित संघ उपांत्य फेरीत पोचले. फ्लोरिडाने अंतिम सामन्यात ह्यूस्टनला ६५-६३ असं हरवलं. गेल्या वर्षी जे झालं त्यावरून या वर्षीचं ब्रॅकेट भरणं म्हणजे मागच्या पावसावर यंदाची पेरणी करणं.

आता ब्रॅकेटची अडचण सांगतो, कारण ती कुठल्याही सल्ल्यात सापडत नाही. तुमचा एखादा संघ असेल तर त्याचं काय करायचं?

माझा संघ पर्ड्यू. आमच्यापासून तासाभरावर वेस्ट लाफायेटला हे विद्यापीठ आहे. माझा भाचा तिथे शिकला आणि त्याच्यामुळे आमचं सगळं घर त्या संघाचं झालं. २०२३ मध्ये पहिलं मानांकन असलेला आमचा संघ फेअरली डिकिन्सनकडून ५८-६३ असा हरला. फेअरली डिकिन्सन डेटनचा पात्रता सामना खेळून आलेली, उंचीने देशातल्या सगळ्यांत ठेंगण्या संघांपैकी. आमच्याकडे सव्वासात फुटांहून उंच झॅक ईडी. त्या पोरांनी पूर्ण कोर्टभर दबाव टाकला, ईडीच्या मागे-पुढे माणसं उभी केली आणि आमचे बाहेरचे फेक आत जाईनात. १९८५ ते २०२५ या काळात पहिल्या मानांकनाचे संघ सोळाव्याशी १६० वेळा खेळले आणि दोनदाच हरले: २०१८ मध्ये मेरीलँडच्या यूएमबीसी या विद्यापीठाकडून व्हर्जिनिया, आणि २०२३ मध्ये आम्ही.

पुढच्या वर्षी तेच प्रशिक्षक, तोच ईडी, पुन्हा पहिलं मानांकन. मी ब्रॅकेट भरायला बसलो आणि आकडे बघून विजेता म्हणून यूकॉन लिहिला. पर्ड्यू जिंकत गेला. १९८० नंतर पहिल्यांदा शेवटच्या चारांत, आणि मग अंतिम सामन्यात, समोर यूकॉन. तारीख ८ एप्रिल २०२४. दुपारी तीनच्या सुमारास इंडियानापोलिसवरून खग्रास सूर्यग्रहण गेलं. आम्ही अंगणात चष्मे लावून उभे होतो, रस्त्यावरचे दिवे लागले, पाखरं गप्प झाली. दुसऱ्या दिवशी पाडवा, म्हणून ओट्यावर साखरेची गाठी आणि काठीला बांधायचं पातळ काढून ठेवलेलं. रात्री सव्वानऊनंतर सामना. यूकॉनने ईडीला आपल्या एकट्या उंच क्लिंगनवर सोडलं आणि बाकीच्या चौघांना नेमबाजांना चिकटवून ठेवलं. ईडीने ३७ गुण केले, पण लांबून तीन-तीन गुणांच्या फेकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या संघाला संपूर्ण सामन्यात सात तीन-गुणी फेकच मिळाले आणि त्यातला एक आत गेला. ६०-७५. भाचा सोफ्यावर डोळे पुसत होता. माझ्या फोनवर पूलची यादी आली, वरून पहिलं नाव माझं. ते त्याला दाखवायचा मला धीर झाला नाही.

त्या दिवसापासून माझा नियम एकच: अंतिम सामन्याच्या रात्री तुम्ही कुणासाठी ओरडणार आहात, ते आधी ठरवा आणि मगच खेळाची रीत निवडा. तुमचा कुठलाच संघ नसेल, तर ब्रॅकेटसारखं दुसरं काही नाही. ज्या कॉलेजचं नाव काल ऐकलं नव्हतं, त्याच्यासाठी ते तुम्हाला गुरुवारी दुपारी खुर्चीच्या काठावर आणतं. संघ असेल, तर एक तर त्यालाच विजेता लिहा, नाही तर दुसरी रीत घ्या.

ती दुसरी रीत म्हणजे सर्व्हायव्हर. यात रोज एकच संघ निवडायचा, तो त्या दिवशी जिंकला की तुम्ही टिकलात, हरला की बाहेर. एकदा वापरलेला संघ पुन्हा वापरता येत नाही. स्पर्धेचे खेळाचे दिवस दहा, म्हणजे ६३ ऐवजी १० अंदाज. वाटतं सोपं. पण पहिल्या गुरुवारी सगळ्यांत तगडा संघ उडवलात, तर शेवटच्या सोमवारी मैदानात दोनच संघ असतील आणि कदाचित दोन्ही तुम्ही वापरून झालेले असतील. म्हणून सुरुवातीला तिसऱ्या-चौथ्या मानांकनाचे संघ खर्च करायचे, जे पहिला सामना बहुधा जिंकतील पण फार पुढे जाणार नाहीत, आणि भारी संघ हातात राखायचे. पत्ते खेळणाऱ्याला हे लगेच कळतं, हुकूम कधी काढायचा एवढाच प्रश्न.

सर्व्हायव्हरचं मोठं सुख म्हणजे आपल्या संघाला हातच लावायचा नाही. मी गेले दोन मोसम पर्ड्यू निवडतच नाही. तो सामना मी निव्वळ पर्ड्यूचा म्हणून बघतो. शिवाय आदल्या रात्री उद्याचे सामने नीट बघावे लागतात: कुणाचा पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारा खेळाडू, जायबंदी आहे, कोण चेंडू फार गमावतं, कुणाचे फ्री थ्रो कच्चे आहेत. ब्रॅकेट एकदा भरलं की हात बांधले, इथे रोज शिकायला मिळतं. वाईट बाजू अशी की पहिल्याच शुक्रवारी खेळ संपू शकतो. व्हर्जिनिया आणि पर्ड्यू दोघेही शुक्रवारीच हरले होते. तेव्हा ज्यांनी डोळे मिटून पहिलं मानांकन निवडलं, त्यांना पुढचे अडीच आठवडे नुसतं बघत बसावं लागलं.

भारतातून बघणाऱ्यांना मी सर्व्हायव्हरच सुचवतो. तिकडे पहिल्या दिवसाचे सामने रात्री पावणेदहाच्या सुमारास सुरू होतात आणि उजाडल्यानंतरही चालू असतात. सोळाच्या सोळा बघणं नोकरी करणाऱ्याला शक्य नाही. आपण निवडलेला एक सामना बघितला की झालं. अंतिम सामना मात्र भारतात मंगळवारी सकाळी साडेसहाच्या आसपास येतो, चहाबरोबर बघावा. पैसे लावून खेळू नका. भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, आणि मित्रांच्या गटात फुकट खेळूनही धाकधूक तीच असते.

तिसरी रीत कॅलकटा. ब्रिटिशांच्या काळात कलकत्त्यात घोड्यांच्या शर्यतींवर असे लिलाव चालत, नाव तिथूनच आलं. प्रत्येक संघाचा लिलाव करायचा, ज्याने घेतला तो त्याचा मालक, आणि संघ जितका पुढे जाईल तितका मालकाचा वाटा वाढतो. आयपीएलचा लिलाव पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आम्ही पैसे ठेवत नाही. प्रत्येकाला राजम्याचे शंभर दाणे देतो. तळाचे, म्हणजे तेरा ते सोळा मानांकनाचे संघ, विभागवार गठ्ठ्याने विकतो. २०२२ मध्ये एका मैत्रिणीला पूर्व विभागाचा गठ्ठा सात दाण्यांत मिळाला आणि त्यात पंधरावं मानांकन असलेलं जर्सी सिटीचं सेंट पीटर्स होतं. त्यांनी केंटकीला जादा वेळेत हरवलं, मग मरे स्टेटला, मग आमच्या पर्ड्यूलाही ६७-६४. आठांत पोचणारा पंधराव्या मानांकनाचा तो पहिला संघ. ती बाई शेवटच्या मिनिटाला आमच्याच सोफ्यावर उभी राहून ओरडत होती आणि मला तिचा राग येईना.

कॅलकटाला आठ-दहा माणसं एका खोलीत दोन तास हवीत आणि भाव कुठे थांबवायचा याची थोडी जाण हवी. पहिल्या वर्षी यात पडू नये. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जरूर, एवढी रंगलेली संध्याकाळ दुसरी मिळणार नाही.

एक निवड लोक विसरतात: पुरुषांची स्पर्धा की महिलांची? ब्रॅकेट दोन्हींचं निघतं, आणि नवख्याने आधी महिलांचं भरावं असं माझं ठाम मत आहे. तिथे प्रत्येक विभागातले पहिले चार मानांकित संघ पहिल्या दोन फेऱ्या आपल्याच मैदानावर खेळतात, त्यामुळे सुरुवातीचे उलटफेर कमी. पुरुषांत १९८५ मध्ये व्हिलानोव्हा आठव्या मानांकनावरून विजेता झाली. महिलांत तिसऱ्याच्या खालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. २०२५ पर्यंत सोळाव्याने पहिल्याला हरवलं ते एकदाच, १९९८ मध्ये, हार्वर्डने स्टॅनफर्डला. अंदाज बरे येतात म्हणजे बघण्याची गोडीही लागते. दुसरं असं की पुरुषांतले उत्तम खेळाडू वर्षभरात एनबीएत जातात, मुलींना व्यावसायिक लीगमध्ये जायला बावीस वर्षांची अट असल्याने त्या तीन-चार वर्षं दिसत राहतात, ओळखीच्या होतात. केटलिन क्लार्क आयोवाकडून खेळत असताना माझ्या मुलीने तिचे चार मोसम बघितले, आणि मग केटलिन आमच्याच गावच्या इंडियाना फीव्हर या व्यावसायिक संघात आली. २०२४ चा महिलांचा अंतिम सामना, साउथ कॅरोलिना ८७, आयोवा ७५, अमेरिकेत पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी बघितला.

तेव्हा पहिलंच वर्ष असेल आणि संघ ठरलेला नसेल, तर दोन ब्रॅकेट भरा, एक महिलांचं, एक ऑफिसातलं पुरुषांचं. प्रत्येकी एकच. काही जण दहा-दहा भरतात, मग प्रत्येक सामन्यात थोडे जिंकतात, थोडे हरतात आणि कशालाच जीव लागत नाही. ज्यांचं मूल किंवा भाचरू त्या स्पर्धेतल्या कॉलेजात शिकतंय, त्यांनी सर्व्हायव्हर घ्यावा. आणि ब्रॅकेट कागदावर छापून पेनाने भरा. फ्रिजवर लावलं की घरातली सगळी माणसं जाता-येता त्यावर बोलतात. आमच्याकडे २०२३ चा कागद अजून आहे. त्यात विजेत्याच्या रांगेत भाच्याने मोठ्या अक्षरांत पर्ड्यू लिहिलंय आणि त्याने ते खोडलेलं नाही.